वेगळ्या कॅनची चाचणी

सोलापूरच्या मोठ्या डेअरीतून आमचा टँकर भरलेलाच परत आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत फॅट काढत बसले होते. ड्रायव्हर खाली उतरला आणि कॅन उतरवायच्या डॉकवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की दूध कडू लागतंय, तिकडं कुणी हात लावायला तयार नाही. साहेब, म्हणजे आमच्या शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक, बाहेर आले. त्यांनी टँकरच्या झाकणाशी नाक नेऊन वास घेतला. टाकीकडं बघितलं नाही, पाइपांकडं बघितलं नाही. सरळ म्हणाले, "लाल खुणेचा कॅन उद्यापासून घ्यायचा नाही."

हा कॅन तेरच्या बाजूच्या एका गावातून यायचा. गावात दूध सोसायटी होती. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या काही घरांना सरकारी योजनेतून संकरित गाई मिळाल्या होत्या आणि त्यांचंही दूध सोसायटीत येऊ लागलं होतं. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यांचा कॅन वेगळा ठेवला होता आणि झाकणावर लाल ऑइलपेंटचा पट्टा ओढला होता. विचारलं तर म्हणायचा, हिशेबाला सोपं जातं. कसल्या हिशेबाला, हे कुणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी स्वतः बौद्ध घरातली. वडील शाळामास्तर, म्हणून मी औरंगाबादला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि धाराशिवला या नोकरीवर लागले. कागदोपत्री तेव्हा उस्मानाबाद, बोलण्यात मात्र धाराशिवच.

वैताग असा, की आमच्या डॉकवर लाल, पांढरे, पट्ट्याचे, बिनपट्ट्याचे सगळे कॅन एकाच हौदात ओतले जायचे. तिथून एकाच चिलरमधून एकाच टाकीत. साहेबांचा चहाही त्याच टाकीतल्या दुधाचा. दूध गावात वेगळं असायचं, आमच्याकडं येऊन एक व्हायचं, आणि कडू झालं की पुन्हा वेगळं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना समजावून सांगितलं, की हात घाण असले, कासेला शेण लागलेलं असलं, तर दूध आंबतं. हे दूध आंबट नाही, कडू आहे. आंबटपणा मी सकाळीच मोजलाय, तो ठीक आहे. थंडीतसुद्धा वाढणारे जिवाणू असतात, बहुतेक पाण्यातून येणारे, त्यांच्यामुळं दूध असं कडवट होतं. ते ओळखायची एक सोपी चाचणी आहे, ती मला करू द्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर फार होतं. ओळीनं दुसऱ्या वर्षी पाऊस चुकलेला. जनावरं छावण्यांत. दूध निम्म्याहून खाली आलेलं. अर्ध्या टँकरची फेरी परवडत नाही म्हणून रोजचा टँकर दिवसाआड, कधी दोन दिवसांआड जायचा. तोवर दूध टाकीत थंड होऊन पडून राहायचं. बोअर आटला होता, वापरायचं पाणी टँकरनं यायचं. बॉयलरला पाणी पुरत नाही म्हणून टाकी आणि पाइप गरम पाण्यानं धुणं साहेबांनीच बंद केलं होतं. गच्चीवरच्या टाकीतल्या साध्या पाण्यानं नुसतं विसळून घ्यायचे. हे सगळं मी त्यांना एकापुढं एक मांडून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं काम फॅट काढायचं. कुणाचं दूध तपासायला तुम्ही एवढ्या धडपडताय, ते लोकांना दिसतं."

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. चार उत्तरं सुचली, पण नोकरी टिकवून देता येईल असं त्यात एकही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की दूध संघाचे अध्यक्ष पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्यांच्यासमोर तुम्हाला काहीतरी कारण सांगावं लागेल, ते तपासून सांगितलेलं बरं. हे त्यांना पटलं. माझं शास्त्र पटलं नाही, अध्यक्ष पटले.

दुसऱ्या दिवशी तो कॅन डॉकवरून परत पाठवला गेला. कॅनबरोबर त्या वस्तीतल्या एक बाई आल्या होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या. डॉकवरच्या माणसांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्या तडक माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पायात चप्पल होती, ती दारातच काढली. मी म्हटलं, मावशी, चप्पल घालूनच आत या. त्या आत आल्या, पण स्टुलावर बसल्या नाहीत.

"बाई, आमच्या दुधाला काय रोग झालाय का?"

मी म्हटलं, अजून काही कळलेलं नाही, तपासायचंय.

"मग तपासायच्या आधी बंद कसं केलं? एकाच छावनीतला चारा खात्यात समदी जनावरं. पाटलाच्या म्हशीबी आन् आमच्या गायीबी. त्यांचं चालतंय आन् आमचं कडू व्हय?"

त्यांच्या बोलण्यात रड नव्हती, नुसता संताप होता, आणि तो माझ्यावरच निघत होता, कारण समोर मीच होते. मला ते रास्त वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी उकळून घेतलेली बाटली काढली आणि त्यांच्या कॅनमधलं दूध त्यांच्यासमोर घेतलं. मग त्यांच्याच गावच्या दुसऱ्या एका कॅनमधलं घेतलं, आमच्या टाकीतलं घेतलं, आणि विसळायच्या पाण्याच्या नळाखाली एक बाटली भरली. त्या बघत होत्या. पाण्याची बाटली भरली तेव्हा त्यांनी विचारलं, की पाणी कशाला. मी म्हटलं, मला त्याचाच संशय आहे. मग त्या कॅन उचलून स्टँडकडं गेल्या. नंतर कळलं, की स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानंही दूध घेतलं नाही. डेअरीनं नाकारलेलं म्हटल्यावर कोण घेणार? ते त्यांनी तसंच गावाला परत नेलं.

आता ही चाचणी काय असते ते सांगते, म्हणजे पुढचा मनस्ताप कळेल. दुधाचा किंवा पाण्याचा थेंब अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरायचा आणि प्लेट ठेवून द्यायची. त्यावर जिवाणूंचे ठिपके उगवतात. एका रसायनाचं ताजं द्रावण करायचं, गाळणकागदावर त्याचे थेंब टाकायचे आणि त्या ओल्या जागेवर जिवाणूंचा ठिपका घासायचा. त्या जिवाणूंत ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असलं तर कागद बघता बघता जांभळा होतो. शेणातून, घाण हातांतून येणारा जो नेहमीचा गट आहे, तो जांभळा होत नाही. पाण्यातून येणारे, थंडीत वाढून दूध कडू करणारे जे, ते बहुतेक होतात. एवढ्यानं कुणाला फाशी देता येत नाही, पण हाताकडं बोट दाखवावं की पाण्याकडं, एवढं नक्की कळतं.

थंडीत वाढणारे जिवाणू हवेत म्हणून प्लेटा मी कोल्डरूममध्ये ठेवल्या आणि वर चिठ्ठी लावली, की हात लावू नये. त्या उन्हाळ्यात आमची कोल्डरूम म्हणजे गावातली एकमेव थंड जागा होती. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटांवर आंब्याची पेटी होती. ती हलवली, तर कुणाच्या तरी लग्नाच्या श्रीखंडाची पातेली आली. प्लेटा ढकलून दाराशी ठेवल्या होत्या, दोन फुटल्या होत्या. मी साहेबांकडं तक्रार केली. ते म्हणाले, श्रीखंड अध्यक्षांच्या पाहुण्यांचं आहे. मी निरोप पाठवून मावशींकडून पुन्हा दूध मागवलं, पुन्हा सगळ्या प्लेटा केल्या आणि या वेळी त्या पत्र्याच्या ट्रंकेत घालून ट्रंकेला कुलूप लावलं. तरी रोज जाऊन बघत होते, कुणी ट्रंकच बाहेर काढून ठेवली नाही ना.

मधल्या काळात टँकर पुन्हा सोलापूरला गेला. या वेळी त्यात लाल खुणेच्या कॅनचा थेंबही नव्हता. तोही टँकर परत आला. मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. साहेब म्हणाले, "आधीचा अंश टाकीत राहिला असेल."  टाकीत काहीतरी राहतंय, हेच मी आठवडाभर सांगत होते. ते त्यांच्या तोंडून निघालं, आणि तरीही त्याचा अर्थ त्यांच्या कानापर्यंत गेला नाही.

मग ते रसायन. ते हवेनं, उजेडानं, उष्णतेनं आपोआप जांभळं पडतं आणि काळं होतं. मूळची पूड पांढरट असायला हवी. आमच्याकडची बाटली उघडली तर आत काजळी. भांडारपाल उमरग्याकडचे गृहस्थ होते, बोलायला गोड, द्यायला कठीण. त्यांना मी म्हटलं, हे खराब झालंय, नवीन मागवा. ते म्हणाले, बाटली भरलेली दिसते, भरलेली असताना नवीन मागवता येत नाही. मी म्हटलं, काळी झालीय. त्यांनी बाटली उजेडाकडं धरली, हलवली. "रंग बदलला म्हनून काय झालं? वजन तर तेवढंच हाय ना?" असं म्हणून त्यांनी ती फडताळात परत ठेवली, मूळच्या जागी, लेबल पुढं करून. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या दृष्टीनं जगातली प्रत्येक वस्तू एकतर आहे किंवा संपली आहे. खराब झालेली वस्तू ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

रविवारी मी एसटीनं लातूरला गेले. तिथल्या कॉलेजात माझ्या वर्गातली मैत्रीण शिकवत होती. तिनं चिमूटभर पूड तपकिरी बाटलीत घालून दिली. बाटलीला काळा कागद गुंडाळला, तो कापसात, कापूस डब्यात, आणि डबा मी ओल्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन आले. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, लेकराचं औषध आहे का. मी हो म्हटलं. खरं सांगायला लागले असते तर ते संपेपर्यंत येडशी आली असती.

एवढं झाल्यावर लूपची कथा. ठिपका उचलायला टोकाला बारीक फासा असलेली तार लागते. या चाचणीला ती प्लॅटिनमची हवी. केंद्र उघडलं तेव्हा अशी एक तार आली होती, पण प्लॅटिनम सोन्यापेक्षा महाग, हे कुणीतरी बोलून बसलं आणि ती तिजोरीत गेली. तिजोरीची किल्ली अध्यक्षांकडं. अध्यक्ष साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या प्रचारात, आज कळंब तर उद्या भूम. मी शेगडीच्या कॉइलसारख्या तारेचा घरी वळलेला लूप वापरत होते, रोजच्या कामाला तो चालायचा.

प्लेटा तयार झाल्या तेव्हा साहेब मुद्दाम बघायला आले. मी कागदावर थेंब टाकले. आधी खात्रीसाठी शेणातले, ओळखीचे जिवाणू घासले. ते जांभळे व्हायला नकोत. झाले. लाल कॅनमधले घासले, जांभळे. दुसऱ्या कॅनमधले, जांभळे. नळाचं पाणी, जांभळं. मी वेड्यासारखी घासत गेले आणि कागदावर जांभळाचा सडा पडला.

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे सगळंच दूध वाईट. मग एक कॅन बंद केला तर काय बिघडलं?" आणि निघून गेले.

मी तिथंच बसून राहिले. पंखा बंद होता, वीज गेलेली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला नुसता राग येत होता. साहेबांचा, किल्लीचा, श्रीखंडाचा, आणि सगळ्यात जास्त त्या जांभळ्या रंगाचा. मग जरा शांत झाल्यावर मी नुसती तार, बिनजिवाणूंची, ज्योतीत लाल करून गार केली आणि ओल्या कागदावर टेकवली. कागद जांभळा झाला. तारेवर जळून जो लोखंडाचा गंज धरतो, तोच रसायनाशी खेळत होता. हे कॉलेजात शिकवलेलं होतं. प्लॅटिनम हवं म्हणतात ते याचसाठी, आणि प्लॅटिनम तिजोरीत सुरक्षित होतं.

मी आगपेटी घेतली. काड्यांची गुलं मोडून टाकली, काड्या प्रेशर कुकरमध्ये वाफवून घेतल्या आणि वाळवल्या. नुसती काडी कागदावर टेकवून बघितली, रंग आला नाही. शेणातले जिवाणू घासले, रंग आला नाही. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. लाल खुणेच्या कॅनमधले ठिपके थोडेच होते आणि त्यातले बहुतेक पांढरेच राहिले. त्यांच्या गावच्या दुसऱ्या कॅनचंही जवळपास तसंच. आमच्या टाकीच्या प्लेटवर मात्र ठिपक्यांची दाटी, काहींच्या भोवती हिरवट झाक, आणि काडी टेकवायचा अवकाश, कागद जांभळा. नळाच्या पाण्याची प्लेट अगदी तशीच.

या वेळी मी साहेबांना बोलवायला गेले नाही. अध्यक्ष आले त्या दिवशी सगळं ट्रेमध्ये मांडून त्यांच्या खोलीत घेऊन गेले. साहेब तिथंच होते. मी दोघांसमोर काड्या घासल्या, काय पांढरं राहिलं, काय जांभळं झालं ते दाखवलं, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी बिनझाकणाची आहे, दुधाची टाकी आणि पाइप त्याच गार पाण्यानं नुसते विसळले जातात, हेही सांगितलं. अध्यक्ष तसे समजूतदार. त्यांनी चष्मा काढून कागद जवळून बघितला आणि साहेबांना विचारलं, की गरम पाण्यानं धुणं कधीपासून बंद आहे. साहेबांनी खाली बघून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, टाकी उतरवून धुवा, झाकण बसवा, ब्लिचिंग टाका, दुधाची टाकी आणि पाइप गरम पाण्यानं धुवायला लागा, त्यासाठी पाण्याची एक जादा खेप मी बघतो. आणि तो कॅन सुरू करा.

मी म्हटलं, "अध्यक्षसाहेब, चूक त्या कॅनची नव्हती, एवढं त्या गावच्या सोसायटीला लेखी कळवलं तर बरं होईल. तिथं त्यांचं दूध आता कुणी घेत नाही."

अध्यक्षांनी कागद माझ्याकडं परत सरकवला. "लेखी कशाला? सुरू झालं की कळतंच लोकांना."

मी आणखी एक बोलले. बोलायला नको होतं असं आजही वाटत नाही. म्हटलं, दोन्ही कॅनचं दूध सारखंच निघालंय, तर गावात कॅन वेगळा कशाला, तोही पट्टा ओढून?  मग अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ते तुमच्या तपासणीत येत नाही, बाई."

खरंच येत नव्हतं. त्यासाठी अजून कुणी रसायन काढलेलं नाही.

कडूपणा हळूहळू गेला. पुढचे टँकर सोलापूरला घेतले गेले. त्यानंतर पाऊसपाणी बरं झालं, दूध वाढलं, टँकर रोज जायला लागला, आणि साहेब आल्यागेल्याला सांगू लागले, की दुष्काळाचं पाणी दुधाला बाधलं होतं, पाऊस पडला आणि आपोआप ठीक झालं. मी ते ऐकायची आणि फॅट काढायची. एकदा मात्र ते प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, की त्या दिवशी तुम्ही अध्यक्षांसमोर माझं नाव घेतलं नाहीत. एवढंच बोलून गेले. ही माफी होती की आभार, मला कळलं नाही, आणि त्यांना कॅनबद्दल काही म्हणायचं होतं का, तेही नाही.

कॅन सुरू झाल्यावर त्या मावशी परत आल्या. या वेळी स्टुलावर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पाण्याचं, टाकीचं, जांभळ्या रंगाचं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मग विचारलं, की हे गावात येऊन कोण सांगणार. मी अध्यक्षांचं उत्तर त्यांना सांगितलं.

"म्हंजी बदनामी बोंबलून केली, आन् सुटका गुपचूप," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, व्हय.

त्यानंतर त्या वस्तीतल्या बायका आळीपाळीनं स्वतःच कॅन घेऊन येऊ लागल्या, एसटीनं, कधी कुणाच्या बैलगाडीतून. सेक्रेटरीच्या हातून पाठवायचं त्यांनी बंद केलं. पुढं त्यांनी स्वतःची महिला सोसायटी काढायचं मनावर घेतलं. मंजुरीला इतके हेलपाटे पडले, की त्यात दोघीतिघींनी नाद सोडला. मावशींनी नाही सोडला. मंजुरी आली तोवर माझी बदली लातूरला झाली होती. कुणाकडून तरी निरोप आला, की आता कॅन आमच्याच नावाचा येतो. झाकणाचा लाल पट्टा खरवडून काढला की तसाच ठेवला, ते निरोप आणणाऱ्याला सांगता आलं नाही, आणि मला त्यावेळी त्याच्यावरही चिडायला झालं.